नाडेपचे टाके

वसतिगृहामागील बागेत आम्ही मुलांच्या हातांनी नाडेपचे टाके उभे केले : लांबी १० फूट, रुंदी ६, उंची ३. पुसदचे नारायण देवराव पांढरीपांडे यांच्या नावाची आद्याक्षरे या पद्धतीस लाभली आहेत. विटांच्या भिंतीत हवेसाठी झरोके. आत पालापाचोळा व भाजीचे देठ, त्यावर शेणकाला, त्यावर चाळलेली माती, असे थरावर थर. वरून लिंपले की तीन-चार महिन्यांत खत होते.

पालकसभेत एक आजी उठल्या. "जय भीम सर. लेकरू शिकाले धाडलं, शेन उचलाले नाही."

सभा स्तब्ध झाली. आजींचे म्हणणे आम्हांस रास्तच वाटले. मेलेली ढोरे ओढणे सोडा, असे बाबासाहेबांनी १९२७ साली महाडला सांगितले, ते ज्यांच्या घरी पाळले गेले, त्यांनी नातवाच्या डोक्यावरील शेणाच्या पाटीकडे संशयाने पाहावे, यात नवल ते काय? श्रमप्रतिष्ठेवर व्याख्यान देणे सोपे होते (आणि तसे देणारे स्वतः पाटी उचलताना क्वचितच दिसतात).

आम्ही आजींना कामाचा तक्ता दाखविला. त्यात मुख्याध्यापकांसह सर्व शिक्षकांची नावे मुलांच्या नावांत मिसळलेली आहेत. चिठ्ठ्या टाकून वार ठरतो. शिक्षा म्हणून हे काम कोणासही दिले जात नाही.

आजींनी तक्ता नातवाकडून वाचून घेतला, मुख्याध्यापकांचे नाव दोनदा. मग टाक्यापाशी जाऊन त्यांनी एका झरोक्यात हात घातला.

"आतून तपलं हाये," त्या म्हणाल्या.