सैतानाचा सल्ला

लॉ कॉलेजच्या होस्टेलवर ‘द डेव्हिल्स अ‍ॅडव्होकेट’ आम्ही पाहायचो तो अल पचिनोसाठी. टेलर हॅकफर्डचा १९९७चा सिनेमा. न्यू यॉर्कमधल्या बड्या लॉ फर्मचा मालक जॉन मिल्टन म्हणजे साक्षात सैतान, आणि फ्लोरिडाहून आणलेला, एकही खटला न हरलेला केविन लोमॅक्स हे त्याचं सावज. शेवटच्या प्रवेशात पचिनो जे करतो त्याला अभिनय म्हणावं की आतषबाजी, कोण जाणे! डोळे गरागरा फिरवतो, देवाच्या नावानं शिमगा करतो, मध्येच सिनात्राच्या गाण्यावर ओठ हलवत नाचतो. आम्ही शिट्ट्या मारायचो. त्याच्या मागच्या भिंतीवरचं जिवंत होणारं शिल्प आपल्या कामाची नक्कल आहे, म्हणून शिल्पकार फ्रेडरिक हार्टनं दावा ठोकला होता. १९९८मध्ये तडजोड झाली आणि पुढच्या व्हिडिओ आवृत्तीत ते दृश्य बदलावं लागलं. वकिलांवरचा सिनेमाच कोर्टात ओढला जावा, हे मला अजूनही फार आवडतं.

पुढे ज्युनिअरशिप सुरू झाली, सीनिअरच्या ऑफिसात रात्री उशीर व्हायला लागला, तेव्हा दुसराच प्रवेश खुपू लागला. केविनची बायको मेरी अ‍ॅन भ्रमिष्ट होत चाललेली. (शार्लीझ थेरॉनचं हे काम पचिनोच्या गोंगाटात उगाच झाकलं गेलं.) मिल्टन केविनला सांगतो, खटला सोड, बायकोकडे बघ, कुणी नावं ठेवणार नाही. सैतान चक्क भल्याचा सल्ला देतो! नको म्हणतो तो केविनच. खटला सोडला तर पुढे आपण तिच्यावरच डूख धरू, ही त्याची सबब. त्या वेळी पचिनोचा आवाज जराही चढत नाही.

हल्ली मी फक्त सुरुवात पाहतो. गेन्सव्हिलचं कोर्ट. शाळकरी मुलगी शिक्षकाविरुद्ध साक्ष देतेय आणि आपला अशील दोषी आहे, हे केविनला ऐन सुनावणीत उमगतं. तरी तो उलटतपासणीला उभा राहतो आणि त्या पोरीला पार खोटं पाडतो. आपल्याकडे २०१२च्या पॉक्सो कायद्यानं ही वाट बंद केली. बचावाचे प्रश्न न्यायाधीशांकडे द्यायचे, मुलाला ते विचारतात. केविनची नजर, त्याचं पुढं झुकणं, सगळं तिथं बिनकामाचं. प्रश्न काढायचे मात्र वकिलानंच.

आमच्या बाररूममधला एक पोरगा पचिनोची नक्कल झकास करतो. केविनची करून दाखव म्हटलं, तर म्हणतो, “त्यात करण्यासारखं काय आहे, सर?”