डोंगरगण: पोराटोरांचा ट्रेक!

शनिशिंगणापूरचं दर्शन झालं की बहुतेक गाड्या सोनईवरून सरळ परत फिरतात. बरोबर मुलं असतील, तर वांबोरीमार्गे डोंगरगण गाठा. सोनई म्हणजे साखर कारखाना आणि नजर पोचेल तिथवर ऊस. इथल्या मुलांना जंगल माहीत असतं ते उसातल्या बिबट्यामुळे, ‘अंधार पडायच्या आत घरी ये’ एवढंच. वांबोरी घाट चढला की सीन बदलतो. डोंगरगणची दरी ‘हॅपी व्हॅली’ म्हणून फेमस आहे. झाडीतून उतरत रामेश्वराच्या देवळापाशी यायचं. पावसाळ्यात ओढाही सोबतीला. मोठ्ठा ट्रेक नाही, आईसुद्धा निवांत उतरली.

भाची मात्र माझा हात सोडेना. ‘इथेपण बिबट्या असतो?’

‘असेल की,’ आई म्हणाली. ‘डोंगर त्याचाच. आपण पाहुणे.’

थोड्या वेळाने हात सुटला आणि बाईसाहेब पुढे!

जमलं तर पावसाळ्यात किंवा नंतर लगेच, सकाळी लवकर जा. शेवाळलेल्या दगडांवर जपून. मुलांना मोठ्यांच्या मध्ये ठेवा, डबा बरोबर घ्या, कचरा परत आणा आणि उन्हं कलायच्या आत निघा. पाहुण्यांनी तेवढं पाळायलाच हवं.