पिक्वालचा कडवटपणा

पिक्वालचं ताजं तेल नुसतं चमच्याने चाखलं तर ठसका लागतो. आधी टोमॅटोच्या पानांचा हिरवा वास, मग कडू चव, आणि गिळल्यावर घशात मिरचीसारखी जळजळ. कारली आवडीने खाणाऱ्यांना ते पटकन पटतं. मला पटलं.

ही ऑलिव्हची जात दक्षिण स्पेनमधल्या हाएन प्रांताची. मी नोकरीसाठी मालागात राहतो. तिथून बसने हाएनला जाताना टेकड्या संपत नाहीत आणि ऑलिव्हच्या रांगाही. प्रांतात 6 कोटींच्या वर झाडं आहेत, बहुतेक पिक्वालचीच. फळाला टोकाशी चोच असते, स्पॅनिशमध्ये 'पीको', त्यावरून हे नाव. एका खड्ड्यात दोन-तीन खुंट लावायची जुनी पद्धत, म्हणून एकेक झाड दोन-तीन खोडांचं.

झाड लवकर फळाला येतं, थंडी सोसतं, तेलाचा उताराही चांगला देतं. जमिनीतल्या व्हर्टिसिलियम बुरशीपुढे मात्र मान टाकतं. तेलात ओलेइक आम्ल 80 टक्क्यांच्या आसपास आणि पॉलिफेनॉल भरपूर, त्यामुळे ते सहज खवट होत नाही. म्हणजे ज्या पॉलिफेनॉलमुळे ते कडू लागतं, तीच ते टिकवतातही.

तरी बरीच वर्षं पिक्वालचं तेल म्हणजे उग्र, घाण वासाचं अशीच ख्याती होती. माझ्या मते यात जातीपेक्षा सवयींचा दोष मोठा. फळ काळं होऊन गळेपर्यंत थांबायचं, ढीग लावून ठेवायचे, आंबल्यावर गाळायचं. मग दुसरं काय निघणार? आता काही जण ऑक्टोबरमध्येच हिरवी फळं काढून त्याच दिवशी गाळतात. तेल कमी निघतं, पण भाव वेगळा मिळतो.

माझ्या टीममधल्या एका मित्राच्या वडिलांची उतारावर 400 झाडं आहेत. त्यांनी मला 'वेसेरिया' समजावली: एक वर्ष झाड लगडतं, पुढच्या वर्षी जवळपास रिकामं. मी म्हटलं, आमच्या देवगडच्या हापूसचंही हेच रडगाणं! कोकणात त्यासाठी झाडाच्या बुंध्याशी कल्टार घालतात हे सांगितल्यावर ते चकित झाले. त्यांची मदार छाटणीवर, आणि मिळालंच तर पाण्यावर.

खरी अडचण उताराची आहे. सपाट जमिनीवर आर्बेकिना जातीची कुंपणासारखी दाट लागवड होते आणि द्राक्षांसारखं यंत्र रांगेवरून फिरून फळं काढतं. पिक्वालची वाढ जोमदार, ती अशा कुंपणात नीट मावत नाही. आणि मावली तरी ते यंत्र इथल्या चढावर येणार कसं? म्हणून खोड गदागदा हलवणारं मशीन, लांब काठ्या, खाली जाळ्या, आणि माणसं. माणसं महाग पडतात. घरचा मुलगा मालागात माझ्या शेजारी बसून कोड लिहितो.

त्यांच्याकडे वर्षाआड छाटणी होते, आणि यंदा छाटणीचं वर्ष आहे. मार्चमध्ये आठवडाभर सुट्टी टाकून जाणार, असं तो म्हणतोय. टीमच्या कॅलेंडरवर अजून काही दिसत नाही.