एकाच थापेची मुभा

भा. रा. भागवतांनी ज्यूल व्हर्न मराठीत आणला नसता, तर मी भौतिकशास्त्राच्या वाटेला गेले असते की नाही, सांगता येत नाही. शाळेच्या ग्रंथालयातून ‘चंद्रावर स्वारी’ घरी आली, तेव्हा मला चंद्रापेक्षा तिकडे माणसं डागणाऱ्या तोफेचंच वेड लागलं. परीकथांमधले उडते गालिचे मला आवडायचे, पण गालिचा कुठूनही उडाला तरी चालायचं. ही तोफ तशी नव्हती. ती खरी वाटायची. का, ते मात्र उमगत नव्हतं.

ते उमगलं कॉलेजात, त्याच कादंबरीचं संपूर्ण इंग्रजी भाषांतर हाती आल्यावर. १८६५ साली लिहिताना व्हर्नने तोफेची जागा लहरीवर ठरवलेली नाही. तोफ डागायची ती सरळ वर, आणि चंद्र बरोबर डोक्यावर येतो तो विषुववृत्ताच्या दोन्ही बाजूंच्या साधारण २८ अंशांच्या पट्ट्यात. अमेरिकेत त्या पट्ट्यात बसतात फ्लोरिडा आणि टेक्ससचं दक्षिण टोक. म्हणून कादंबरीत या दोन राज्यांची तोफेवरून जुंपते. मी नकाशा उघडला. दिल्ली अगदी काठावर, पण आमचा सातारा साडेसतरा अंशांच्या आसपास. म्हणजे आमच्या परसातूनही तोफ डागता आली असती! त्या दिवशी कादंबरीतलं आकाश आणि आमच्या अंगणावरचं आकाश एकच झालं.

मग मी आकडेमोड करायला बसले. ९०० फुटांच्या नळीत गोळ्याला सेकंदाला ११ किलोमीटर वेग द्यायचा, तर आतल्या माणसावर पृथ्वीच्या ओढीच्या वीस हजार पटींहून अधिक भार येतो. व्हर्नने धक्का सोसायला पाण्याचा थर ठेवलाय, पण त्यानं भागण्यासारखं नाही. ती माणसं निघण्याआधीच संपली असती. माझा आनंद तरीही ओसरला नाही. उलट लेखकाची रीत स्वच्छ दिसली. एक थाप त्यानं मारली होती, आणि तिच्याभोवतीचा वेग, अक्षांश, प्रवासाला लागणारा वेळ असा सगळा हिशेब होता होईल तितका चोख ठेवला होता. गोष्ट लिहिणाऱ्याला एका थापेची मुभा आहे; पुढचं सगळं त्यानं निसर्गाच्या नियमांनी फेडायचं, असं माझ्या मनानं तेव्हा घेतलं.

आपल्याकडे हे फेडणं कसं करावं, ते जयंत नारळीकरांनी दाखवलं. मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत १९७४ साली त्यांनी ‘कृष्णविवर’ ही कथा पाठवली ती नारायण विनायक जगताप या नावानं, म्हणजे स्वतःची आद्याक्षरं उलटी करून. नावाचा दबाव परीक्षकांवर नको म्हणून. बक्षीस कथेलाच मिळालं. पण माझ्या मनात घर करून राहिली ती ‘गंगाधरपंतांचे पानिपत’. १४ जानेवारी १७६१ ला पानिपतच्या लढाईत विश्वासरावांना लागलेली गोळी या कथेत निसटती जाते. एवढीच थाप. त्यानंतर मराठ्यांचा जय होतो आणि इतिहास वेगळ्या अंगानं वाढतो. पुण्याचे प्राध्यापक गंगाधरपंत ज्या मुंबईत पोचतात, तिथं ईस्ट इंडिया कंपनी अजून कारभार करते आहे. पानिपतावर ‘असं झालं असतं तर’ म्हणणारी माणसं मी लहानपणापासून ऐकत आले. नारळीकरांनी त्या हळहळीला पुंजभौतिकीचा आधार दिला. इलेक्ट्रॉन नेमका कुठं जाईल हे आधी सांगता येत नाही, तर जगालाही एकाहून अधिक वाटा असतील का, हा प्रश्न वर्गात विचारला तर मुलं जांभया देतात. विश्वासरावांच्या कानाजवळून गोळी गेली की ती ताठ बसतात.

नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत मुंबईत फाउंटनच्या फुटपाथवर मला हॅल क्लेमंटची १९५४ सालची ‘मिशन ऑफ ग्रॅव्हिटी’ मिळाली. क्लेमंट हा मॅसॅच्युसेट्समधला शाळामास्तर, विज्ञान शिकवणारा. त्यानं मेस्क्लिन नावाचा ग्रह रचला. हा ग्रह अठरा मिनिटांच्या आत स्वतःभोवती एक फेरी घेतो. इतक्या वेगामुळे तो चपटा होतो आणि त्याच्या विषुववृत्तावरची ओढ पृथ्वीच्या तिप्पटच उरते. ध्रुवाकडे जावं तशी ती वाढत वाढत क्लेमंटच्या हिशेबानं ७०० पटींवर पोचते. समुद्र आहे मिथेनचा. रहिवासी आहेत हातभर लांबीचे, गोमेसारखे, जमिनीला चिकटून चालणारे.

इथवर नुसती आकडेमोड झाली. पण क्लेमंट पुढे विचारतो, अशा ठिकाणी वाढलेल्या जिवाच्या मनात काय असेल? सातशेपट ओढीत अर्धा फूट खाली पडणं म्हणजे आपण पस्तिसाव्या मजल्यावरून कोसळणं. त्यामुळे उंचीची धास्ती या जिवांच्या हाडीमासी मुरलेली. वस्तू फेकणं ही कल्पनाच त्यांना नाही, कारण हातातून सुटलेली वस्तू डोळ्याला दिसण्याआधी खाली आदळलेली असते. डोक्यावर काही जड असणं त्यांना सोसवत नाही. त्यांचा कप्तान बार्लेनन हलक्या ओढीच्या प्रदेशात येतो आणि तिथं प्रथमच, धास्तावत, उंचावर उभा राहतो, तेव्हा मी त्या गोमेसाठी श्वास रोखून वाचत होते. कोणत्याही वर्णनानं मला इतकं परक्या जिवाच्या जवळ नेलं नव्हतं. ते काम गुरुत्वाकर्षणाच्या सूत्रानं केलं.

पुढे वाचकांनी संगणकावर हिशेब करून ध्रुवावरचा आकडा बराच कमी यायला हवा, हे दाखवलं आणि क्लेमंटनं ते मोकळेपणानं मान्य केलं. लॅरी निव्हेननं १९७० मध्ये एका ताऱ्याभोवती कड्यासारखं जग रचलं, तर एमआयटीच्या मुलांनी ते कडं स्थिर राहणार नाही असा घोषा लावला; निव्हेननं पुढच्या कादंबरीत ते सावरणारी इंजिनं बसवली. आर्थर क्लार्कला अंतराळात जाणाऱ्या उद्वाहनासाठी विषुववृत्तावरचा डोंगर हवा होता, म्हणून १९७९ च्या कादंबरीत त्यानं श्रीलंका दक्षिणेला सरकवली, आणि तसं प्रस्तावनेत सांगूनही टाकलं. लेखक आणि वाचक दोघांनी मिळून जगाची राखण करावी, असा दुसरा साहित्यप्रकार मला माहीत नाही.

२०१४ मध्ये ‘इंटरस्टेलर’ हा चित्रपट आला, तेव्हा वर्गातली मुलं आणि मी मिळून पाहिला. तिथं कृष्णविवराजवळच्या एका ग्रहावरचा तास म्हणजे पृथ्वीवरची सात वर्षं. चित्रपटाचे सल्लागार भौतिकशास्त्रज्ञ किप थॉर्न यांना आधी हे अशक्य वाटलं होतं. मग हिशेब केल्यावर कळलं की कृष्णविवर जवळजवळ कमाल वेगानं फिरत असेल तर हे जमतं. पडद्यावर बाप परततो आणि मुलांचे २३ वर्षांचे निरोप एकामागून एक बघतो. माझ्या शेजारची मुलं रडत होती. सापेक्षता शिकवताना त्यांच्या डोळ्यांत मी कधी पाणी पाहिलं नव्हतं.

तेव्हापासून दरवर्षी मी मुलांना एक ग्रह रचायला देते. हल्ली आधाराला प्रॉक्सिमा बी घेते; हा खरा ग्रह २०१६ मध्ये सापडला, सव्वाचार प्रकाशवर्षांवरचा, साधारण अकरा दिवसांत आपल्या ताऱ्याभोवती फिरणारा. त्याची एकच बाजू कायम ताऱ्याकडे असण्याचा संभव मोठा आहे. तसं असेल तर तिथं सूर्य उगवत नाही, मावळत नाही. मग घराचं दार कुठल्या दिशेला? मुहूर्त कशावरून काढायचा? झाडाची सावली वर्षानुवर्षं एकाच जागी पडते, तर त्या सावलीत काय उगवतं? एका मुलीनं लिहिलं होतं की डोंगरामागच्या कायमच्या सावलीत पीक येत नाही, म्हणून ती जमीन गरिबांच्या वाट्याला येते. तिला हे कुणी शिकवलं नव्हतं. उजेडाची तिरीप कुठवर पोचते एवढाच हिशेब तिनं प्रामाणिकपणे शेवटापर्यंत नेला, आणि शेवटी माणसं भेटली.

म्हणून गोष्ट लिहू पाहणाऱ्या प्रत्येकाला मी आधी तीनच गोष्टी विचारते. तुझ्या जगात पाणी कुठून येतं? पडलेल्या माणसाला किती लागतं? उजेड कुणाच्या वाट्याला येत नाही? याची उत्तरं खरी असतील, तर थाप खुशाल मारावी. ती थाप वाचणाऱ्याला परक्या जगातल्या जिवाचं सुखदुःख आपलं मानायला शिकवते, आणि आपल्या जगातल्या शेजाऱ्याचंही.