शेऱ्याचा रकाना

नवागाम, सुरत

१२ फेब्रुवारी २०२५
माझ्या ऑनलाइन धावफलकावर सध्या सहाच संघ घेतलेत. मुंबई, महाराष्ट्र, विदर्भ आणि गुजरात, बडोदा, सौराष्ट्र. रणजी करंडकात महाराष्ट्र आणि गुजरात या दोन्ही राज्यांचे तीन-तीन संघ, आणि नवागामला हे सहाही लागतात. इथल्या कितीतरी घरांचं गाव ताप्ती रेल्वे लाइनवर, नंदुरबार, अमळनेर, जळगावकडे. पोरं मात्र सुरतेत जन्मलेली. बाप महाराष्ट्राचा स्कोर विचारतो, पोरगा गुजरातचा. दोघांना एकाच पानावर, मराठीत, मोबाइलवर वाचता येईल असा निकाल मिळावा, एवढ्यासाठी हा खटाटोप.

महाराष्ट्र आणि बडोदा साखळीतच थांबले. आज उपांत्यपूर्व सामने संपले. पुण्यात केरळ आणि जम्मू-काश्मीर सामना अनिर्णित, तरी केरळ पुढे. पहिल्या डावात जम्मू-काश्मीर २८०, केरळ २८१. बाद फेरीत सामना सुटला नाही तर पहिल्या डावाची आघाडी बघतात. म्हणजे ‘निकाल’ हा एक रकाना पुरणार नाही. ‘आघाडी’ आणि ‘पुढे कोण’ हे दोन वेगळे हवेत.

१५ फेब्रुवारी
शनिवार. भाचा मदतीला आला. त्याला दाखवलं की पायथनचा छोटा प्रोग्राम पानावरचा तक्ता कसा उचलतो. आधी त्या संकेतस्थळाची मुभा आहे का ते बघायचं, आणि दर सेकंदाला त्यांचा दरवाजा ठोठावायचा नाही. चार-पाच दिवस चालणाऱ्या सामन्याला दहा मिनिटांनी विचारलं तरी भागतं.

“मामा, ९०.४ षटकं म्हणजे साडेनव्वदच्या आत ना?”
नाही. नव्वद षटकं आणि चार चेंडू, म्हणजे ५४४ चेंडू. कॉम्प्युटर त्या टिंबाला दशांश समजतो आणि धावगती चुकवतो. म्हणून साठवताना सगळं चेंडूंमध्येच ठेवायचं, आणि दाखवताना परत षटकं करायची. पोराला हे पटकन कळलं. गल्लीत खेळणाऱ्याला सहा चेंडूंचा हिशेब शिकवावा लागत नाही.

१८ फेब्रुवारी
जुने सामने भरायला घेतले आणि डिसेंबर १९४८ पाशी थांबलो. पुण्यात महाराष्ट्र विरुद्ध काठियावाड. काठियावाड २३८. महाराष्ट्र ४ बाद ८२६, भाऊसाहेब निंबाळकर नाबाद ४४३. के. व्ही. भांडारकरांबरोबर दुसऱ्या गड्यासाठी ४५५ धावा. ब्रॅडमनचा ४५२ चा विक्रम नऊ धावांवर होता, आणि काठियावाडचा संघ पुढे खेळायला तयारच झाला नाही. सामना महाराष्ट्राला मिळाला. निंबाळकर अडकले ते तिथेच. कसोटी तर त्यांना एकही मिळाली नाही.

आता हा निकाल कुठल्या खान्यात घालू? डावाने विजय नाही, गड्यांनी नाही, धावांनी नाही. ‘विजयी’ लिहून मोकळं होणं मला मान्य नाही. त्या माणसाच्या हातातून जे गेलं, ते त्या शब्दात कुठेच दिसत नाही. शेऱ्याचा रकाना उघडला आणि पहिला शेरा हाताने लिहिला: ‘प्रतिस्पर्ध्यांनी सामना सोडला’.

२० फेब्रुवारी
अहमदाबादला उपांत्य सामना. केरळ ४५७. गुजरात ७ बाद ४२९. अजून २८ मागे, तीन गडी हातात. शेजारच्या आबांनी तीनदा विचारलं. कारखान्यावरून आल्यावर त्यांना मॅच बघायला वेळ नाही, फलकच उघडतात.

२१ फेब्रुवारी
गुजरात ४५५. दोन धावा कमी!

शेवटची जोडी होती. अर्झान नागवासवाला, जन्माने सुरतचा. त्याने जोरात मारलेला चेंडू शॉर्ट लेगला उभ्या सलमान निझारच्या हेल्मेटवर आदळून उडाला आणि स्लिपमध्ये सचिन बेबीच्या हातात. २०१७ मध्ये नियम बदलले, त्याआधी हा झेल धरलाच नसता. गोलंदाज आदित्य सरवटे, नागपूरचा, याच मोसमात विदर्भ सोडून केरळकडे गेलेला. सकाळचे तिन्ही गडी त्याचेच. केरळ पहिल्यांदाच अंतिम फेरीत.

माझ्या प्रोग्रामने आणलं ते एवढंच: ‘झे. बेबी गो. सरवटे’. हेल्मेट कुठेच नाही. धावफलकाच्या भाषेत ते बसतच नाही, त्यात प्रोग्रामचा दोष नाही. पण हा सामना जिने ठरवला ती गोष्टच फलकावर नसेल तर आबांना काय वाचायला देऊ? शेरा लिहिला, चांगला दोन ओळींचा.

आबा म्हणाले, “भाऊ, ड्रॉ झाली मग गुजरात हरलं कसं?” त्यांना ‘आघाडी’चा रकाना दाखवला: केरळ, २ धावा. बराच वेळ बघत होते. त्यांचा मुलगा बोललाच नाही.

तिकडे नागपुरात विदर्भाने मुंबईला ८० धावांनी हरवलं. त्याला शेरा लागला नाही.

२ मार्च
नागपुरातला अंतिम सामनाही अनिर्णित. विदर्भ ३७९, केरळ ३४२, आघाडी ३७ आणि रणजी विदर्भाची, २०१७-१८ आणि २०१८-१९ नंतर तिसऱ्यांदा. सरवटे आज आपल्याच जुन्या मैदानावर दुसऱ्या बाजूने.

आता भाच्याला एक काम दिलंय. जुन्या पानांवरचं बॉम्बे आणि आजचं मुंबई एकाच संघाखाली यायला हवं. काठियावाड मात्र आजच्या सौराष्ट्रात मिसळायचं नाही, त्या नावानेच राहू दे, असं मी सांगितलं. तो म्हणतो, मग मोजणी तुटेल. यावर अजून आमचं एकमत झालेलं नाही.