वाजतंय कधी, ते सांगा!

दिल्लीत आलो तेव्हापासून महिन्यातला एक तरी रविवार आमचे पाय कोपर्निकस मार्गाकडे वळत. तिथल्या जुन्या महाराष्ट्र सदनात मराठी चवीचे जेवण मिळे, आणि त्याच रस्त्यावरच्या कमानी सभागृहात कधी नाटक, कधी गाणे असे.

जानेवारी 2015 मधल्या अशाच एका रविवारी सदनात जेवून आम्ही परत निघालो होतो. हे गाडी चालवत होते, शेजारी अण्णा, म्हणजे माझे सासरे, मागे मी आणि बारावीतली लेक. मंडी हाउसच्या चौकाअलीकडे, फरीदकोट हाउससमोर, गाड्या तुंबल्या. आमची गाडी थांबली आणि बॉनेटच्या बाजूने आवाज सुरू झाला. डालड्याच्या रिकाम्या डब्यात खिळे घालून कुणी हलवावा, तसा! ह्यांनी अ‍ॅक्सिलरेटर दाबला, आवाज गायब. पुढे पुन्हा थांबलो, तो पुन्हा खडखड.

गाडी डिझेलची, 2006 सालची. कर्ज काढून घेतलेली घरातली पहिलीच गाडी. दुसऱ्या दिवशी हे ती गॅरेजमध्ये घेऊन गेले. तिथल्या कारागिराने अर्धा मिनिट कान दिला आणि म्हणाला, "इंजन खोलना पडेगा, भाईसाहब." खर्च विचारला तर चाळीस-पंचेचाळीस हजार! लेकीच्या कॉलेज प्रवेशासाठी बाजूला ठेवलेले पैसे जवळजवळ तेवढेच होते.

रात्री जेवताना तोच विषय. "भंगारात काढावी झालं," हे वैतागून म्हणाले.

"पण ते वाजतंय कधी?" अण्णांनी विचारले.

"अण्णा, तुम्ही नका हो यात पडू. ही काही तुमची रेल्वे नाही."

अण्णा गप्प झाले आणि ताटावरून उठून गेले. मला ते लागले, पण बोलले मी काहीच नाही. खरे सांगायचे तर सासूबाई गेल्यावर अण्णा भुसावळचे घर बंद करून आमच्याकडे आले, तेव्हापासून त्यांचे बोलणे अर्धवट ऐकण्याची सवय आम्हा सगळ्यांनाच लागली होती.

ओटा आवरून मी त्यांच्या खोलीत दूध घेऊन गेले. म्हटले, "अण्णा, मघाशी काय विचारत होतात?"

ते जरा वेळ माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "सूनबाई, मी पस्तीस वर्षं डब्यांच्या चाकांवर हातोडी मारली. चांगलं चाक खणखणीत बोलतं, तडा गेलेलं बद्द वाजतं. पण नुसता आवाज ऐकून भागत नाही. तो कधी येतो आणि कधी थांबतो, ते कळलं की निम्मं काम झालं."

मला एकदम माठ आठवला. उन्हाळ्यात माठ घेताना आपण टिचकी मारूनच घेतो ना? मग गाडीने काय घोडे मारले होते!

दुधाच्या हिशेबाच्या वहीची मागची पाने कोरी होती. अण्णांनी प्रश्न सांगायचे, ह्यांनी सकाळ-संध्याकाळ गाडी चालवताना लक्ष ठेवायचे आणि मी लिहायचे, असे ठरले. हे आधी हसले. पण पंचेचाळीस हजारांपुढे हसणे फार टिकत नाही.

आठवडाभरात पान भरले. सकाळी गार इंजिन सुरू करताना खडखड नाही, नुसती डिझेलची नेहमीची ठकठक. ती मात्र रोग नव्हे, हे अण्णांनी पहिल्याच दिवशी समजावले. डिझेल इंजिनात ठिणगी पाडणारा प्लग नसतो. आतली हवा दाबून जवळजवळ विसाव्या हिश्शाइतकी केली की ती इतकी तापते, की फवारलेले डिझेल आपोआप पेट घेते. ठकठक होते ती त्यामुळे. रुडॉल्फ डिझेल या जर्मन इंजिनियरने 1897 मध्ये हे इंजिन चालवून दाखवले, तेव्हापासून ते बोलघेवडेच आहे!

पुढच्या नोंदी अशा : इंजिन तापल्यावर, गाडी उभी असताना, खडखड येते. अ‍ॅक्सिलरेटर जरा दाबला की थांबते. उड्डाणपुलाच्या चढावर जोर पडला तरी येत नाही. क्लच दाबल्याने फरक नाही. उभ्या गाडीत एसी लावला तर वाढते. ऑइलचा लाल दिवा एकदाही लागलेला नाही. धूर नेहमीइतकाच.

अण्णांनी चष्मा लावून पान दोनदा वाचले. "आतलं बेअरिंग गेलं असतं तर चढावर आवाज वाढला असता. क्लचचं असतं तर क्लच दाबल्यावर बदलला असता. इंजेक्टर बिघडला असता तर इंजिन अडखळलं असतं, धूर वाढला असता. हे नुसतं उभं असताना वाजतंय. म्हणजे इंजिन थरथरतं तेव्हा बाहेरचं काहीतरी सैल झालेलं हलतंय."

पुढच्या रविवारी कश्मीरी गेटकडचे एक म्हातारे मिस्त्री घरी आले. त्यांच्या पिशवीतून एक लांब पेचकस निघाला. त्याचे टोक चालू इंजिनावर ठिकठिकाणी टेकवून मूठ कानाला लावायची, हीच त्यांची तपासणी! लेनेक नावाच्या फ्रेंच डॉक्टरने 1816 मध्ये कागदाची सुरळी करून रोग्याच्या छातीला लावली, तिथूनच स्टेथोस्कोप जन्माला आला. मिस्त्रींचा पेचकस त्याच जातीचा.

"इंजन तो बिलकुल तंदुरुस्त है," मिस्त्री म्हणाले.

तेवढ्यात अण्णांनी आपली काठी त्यांच्या हातात दिली. सायलेन्सरच्या पाइपवर उष्णता अडवणारा पातळ पत्रा असतो. मिस्त्रींनी काठीने तो दाबून धरला आणि खडखड बंद! काठी काढली, सुरू. पुन्हा दाबली, बंद. पत्र्याचे बोल्टचे भोक गंजून मोठे झाले होते. त्यात इंजिन ज्यावर टेकते त्यातले एक रबर दबले होते, म्हणून उभ्या गाडीत थरथर वाढली होती. लोखंडी पट्टी आवळली, रबर बदलले. मजुरीसकट खर्च अकराशे पन्नास रुपये!

"सगळे इंजिनाभोवती फिरत होते, आणि केंद्र निघालं भलतीकडेच," लेक म्हणाली. "1543 मध्ये कोपर्निकसनं हेच सांगितलं होतं, बाबा!" आवाज नेमका त्याच्याच रस्त्यावर सुरू झाला होता, म्हणून सगळेच हसलो.

पण प्रत्येक खडखड अशी स्वस्तात सुटत नाही, हेही सांगायला हवे. ऑइलचा लाल दिवा लागला, किंवा खोल ठोके पडून ते जोर पडताच वाढू लागले, तर गाडी तिथेच बंद करावी. चालू इंजिनाच्या पट्ट्यांजवळ पदर-ओढणी नेऊ नये, तापलेल्या पाइपला हात लावू नये. आम्ही तरी शेवटी जाणकारालाच बोलावले. फक्त बोलावण्याआधी त्याला काय सांगायचे, ते लिहून ठेवले होते.

गाडी मात्र फार दिवस राहिली नाही. ज्या फरीदकोट हाउससमोर ती पहिल्यांदा वाजली, तिथेच राष्ट्रीय हरित न्यायाधिकरण आहे. दहा वर्षांहून जुन्या डिझेल गाड्या दिल्ली परिसरात चालवू नयेत, असा आदेश त्याने एप्रिल 2015 मध्ये दिला. ऑक्टोबर 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तो लागू करायला सांगितले. आमच्या गाडीची दहा वर्षे पुरी व्हायच्या आत आम्ही ती जळगावच्या नातेवाइकांना दिली. वाईट वाटले, पण राग आला नाही. डिझेलच्या धुराने कर्करोग होतो, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने 2012 मध्येच जाहीर केले होते, आणि दिल्लीच्या हिवाळ्यात अण्णांचा खोकला आम्ही रोज ऐकत होतो.

ऐकत होतो म्हणजे काय, तर कानावर पडत होता. अण्णा अधूनमधून "घेरी येते" म्हणत, त्यावरही आमचे उत्तर ठरलेले असे, "वय झालं, अण्णा." पत्र्याचा उलगडा झाला त्याच आठवड्यात मी विचारले, "कधी येते?" ते म्हणाले, "सकाळी, रक्तदाबाची गोळी घेऊन उठलो की." आठ दिवस मी तेही टिपून ठेवले आणि पान डॉक्टरांना दाखवले. त्यांनी उभ्याने आणि निजून रक्तदाब तपासला, गोळी कमी केली. घेरी थांबली.

अण्णा आता नाहीत. दुधाच्या हिशेबाची ती वही मात्र मी टाकलेली नाही. तिच्या एका पानावर गाडी आहे आणि समोरच्या पानावर अण्णा.