डमफ्रीज हाऊस : जागच्या जागी राहिलेले फर्निचर

ग्लासगोहून दक्षिणेला निघालेली रेल्वे किल्मार्नक ओलांडून ऑचिनलेकला पोहोचते. तिथून जवळच, कमनॉक गावाशेजारी डमफ्रीज हाऊस आहे. पाचवे अर्ल ऑफ डमफ्रीज विल्यम डॅलरिंपल यांच्यासाठी जॉन, रॉबर्ट आणि जेम्स या अ‍ॅडम बंधूंनी 1754 ते 1759 या काळात ही वालुकाश्माची हवेली उभारली.

बाहेरून घर साधे, काटेकोर सममितीचे आहे. खरी श्रीमंती आत आहे. घर पूर्ण होत आले तेव्हा, 1759 मध्ये, अर्लने लंडनचा फर्निचर-कारागीर थॉमस चिपेंडेल याच्याकडे सामानाची मागणी नोंदवली. चिपेंडेलचे नमुन्यांचे प्रसिद्ध पुस्तक त्याआधी पाचच वर्षे निघाले होते, म्हणजे हे त्याच्या उमेदीच्या काळातले काम. मूळ बिले जपली गेल्यामुळे कोणती वस्तू कोणाच्या हातची, हा वाद इथे फारसा उरत नाही.

निळ्या दिवाणखान्यात हातांच्या खुर्च्या आणि कोच निळ्या दमास्क कापडाने मढवलेले आहेत. रोझवूडचे म्हणून ओळखले जाणारे पुस्तकांचे कपाट नजर खिळवते. गडद लाकडावर सोनेरी नक्षी आणि काचेची दारे. जवळून पाहिले, की नक्षीतली पाने आणि वळणे वेगवेगळी उठून दिसतात. छतावरचे गिलाव्याचे रोकोको नक्षीकाम खालच्या सामानाशी मेळ खाते. शयनगृहात चिपेंडेलचाच महोगनीचा चार खांबी पलंग आहे.

सगळे काम मात्र लंडनकडे गेले नाही. एडिंबरातल्या अलेक्झांडर पीटर आणि फ्रान्सिस ब्रॉडी यांनी फर्निचर केले, तर विल्यम मॅथी या कारागिराकडे कोरीव सोनेरी आरशांचे काम होते. त्या काळची स्कॉटिश आणि लंडनची कारागिरी इथे एकाच छताखाली ताडून पाहता येते.

पुढे घर ब्यूट घराण्याकडे गेले. माउंट स्टुअर्ट आणि कार्डिफ किल्ला त्यांच्याकडे असल्याने इथे राहणे कमीच झाले आणि त्यामुळेच सामान फारसे बदलले नाही. तिसऱ्या मार्क्विसच्या काळात, 19व्या शतकाच्या अखेरीस, वास्तुविशारद रॉबर्ट वीअर शुल्ट्झने घर वाढवले. जुन्या फ्लेमिश टॅपेस्ट्रींसाठी त्याने स्वतंत्र दालन केले.

2007 मध्ये सामान लिलावासाठी लंडनच्या वाटेवर होते. प्रिन्स चार्ल्स यांच्या पुढाकाराने साडेचार कोटी पौंडांत घर, जमीन आणि सामान एकत्रच विकत घेतले गेले आणि ट्रक वाटेतूनच परत फिरले. 2008 पासून घर लोकांसाठी खुले आहे. चिपेंडेलचे काम संग्रहालयांतही पाहायला मिळते. ज्या खोलीसाठी ते मागवले त्याच खोलीत पाहायचे, तर डमफ्रीज हाऊसला जावे.